कऱ्हेकाठची बारामती

यंदा उन्हाळ्यात चिरंजीवांना माझे आजोळ दाखवायला निघालो आणि वाटेत बारामतीला उतरलो. आवर्तन सुटले होते. कालवा तुडुंब वाहत होता. ते पाणी पाहून स्वारी ओरडली, "बाबा, हीच ना तुमची कऱ्हा?" मी मुकाट्याने त्याला नदीवर नेले. वाळू, बाभळी आणि चारदोन डबकी! "ही कऱ्हा," म्हणालो, तर मी शुद्ध थाप मारली अशा नजरेने तो पाहू लागला.

आता या पोराला काय सांगावे? आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला जिच्या पाण्याचे नाव दिले, सोमवतीला जेजुरीच्या खंडोबाची पालखी जिच्यात स्नानाला उतरते, ती ही नदी. तिच्या काठावरचे बाबूजी नाईक पेशव्यांचे सावकार आणि सोयरेही. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई याच घरात दिलेली. तरी 1740 मध्ये बाजीराव वारल्यावर खुद्द पेशवेपदावर हक्क सांगायला बाबूजी कचरले नाहीत! पद नानासाहेबांना मिळाले. नाहीतर शनिवारवाड्याचा दिमाख कऱ्हेकाठी आला असता.

तो आला नाही. पण नाईकांच्या आश्रयाला पुराण सांगणारे मोरोपंत (1729–1794) आले. माझी आजी त्यांच्या आर्या म्हणत दळण निवडी. ती एक खेळ लावी: ओठाला ओठ न लावता बोलायचे. पंतांनी 'निरोष्ठ रामायण' असेच रचले आहे. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. अहो, मग 'राम' तरी कसा म्हणावा? 'मोरोपंत' नाही, 'बारामती'ही नाही! हा खेळ मी तिथेच चिरंजीवांना शिकवला. पहिल्याच वाक्याला 'बाबा' म्हणून तो बाद झाला.

कालव्याला मात्र नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. 1876–77 च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळला आणि 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला. पुढे 1928 साली भाटघरचे मोठे धरण झाले. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. मामांनी माझ्या कॉलेजची फी भरली ती उसाच्या बिलातून. ज्या पाण्यावर मी शिकलो, त्याच पाण्याकडे तोंड करून गाव बसले आणि नदीकडे पाठ झाली. तक्रार कोणत्या तोंडाने करू?

संध्याकाळी निरवांगीला पोचलो. नीरेच्या काठी पोराने पाण्यात पाय सोडले. म्हटले, "तुला हवी होती ना कऱ्हा? वर सोनगावाला ती नीरेला मिळते. पावसाळ्यात जे काही वाहते, ते इथूनच पुढे जाते."

त्याने ओंजळ भरली, नीट निरखली आणि ओठ न मिटता विचारले, "यातली कऱ्हा कोणती?"