मत, कौल आणि सहमती: ऑनलाइन समूहातील जबाबदार मतदान

'माझे मत ऐका' या वाक्यात मत म्हणजे विचारांती बनलेली धारणा होय; 'मत द्या' या वाक्यात ते मोजता येणारे एकक होते. संस्कृतातील 'मन्' म्हणजे विचार करणे, या धातूपासून हा शब्द सिद्ध झाला आहे. त्याचा दुसरा अर्थ पहिल्यावर आधारलेला आहे, हे ऑनलाइन समूहात वावरताना विशेष लक्षात ठेवावे लागते.

न मागता, अनेकांकडे, जाहिरातीच्या किंवा फसवणुकीच्या हेतूने पाठवलेल्या मजकुरास 'स्पॅम' म्हणतात. तो रोखण्यासाठी अनेक समूह सदस्यांना प्रतिकूल मत नोंदवण्याचा अधिकार देतात. अशी मते वाढली की मजकूर खाली ढकलला जातो किंवा झाकला जातो. काही ठिकाणी स्पॅम ओळखणारी यंत्रणाही या मतांवरूनच शिकते. म्हणून एका मताचा परिणाम एका मजकुरापुरता राहत नाही.

2003 साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर सदस्यांच्या मतासाठी 'कौल' हा शब्द रूढ झाला. देवाला लावलेला कौल असो वा जनतेने दिलेला, या शब्दात निर्णयाचे वजन आहे. तेथे एखादे पान वगळावे असे वाटल्यास त्यावर 'पानकाढा' साचा लावतात आणि चर्चेत कारण मांडणे अपेक्षित असते. कारणाविना दिलेला कौल म्हणजे केवळ संख्या.

कारण मांडून निर्णय घेण्याची ही रीत आपल्या परिसराला परकी नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव आहे. येथील ग्रामसभा बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेते आणि अभ्यासगटात विषयाची आधी चर्चा होते. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या या गावाने अभ्यास आणि निर्णय यांची सांगड घातली. ऑनलाइन समूहात प्रत्येक वेळी सर्वसहमती शक्य नसते. मत देण्यापूर्वी अभ्यास मात्र शक्य असतो.

तो न केल्यास काय घडते? चंद्रपूर-गडचिरोलीत झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू आणि बंगाली बोलणारे लोक आहेत. एखाद्या विद्यार्थिनीने समूहात 'पाणी' न लिहिता झाडीबोलीतील 'पानी' लिहिले, किंवा माडियातून चार ओळी लिहिल्या, तर अनोळखी वाटणारा तो मजकूर 'कचरा' ठरू शकतो. मग जाहिरातबाज नव्या खात्याने परत येतो. ती विद्यार्थिनी मात्र पुन्हा लिहीत नाही. अपरिचित मजकूर आणि निरुपयोगी मजकूर यांतला फरक न करणारे मत समूहाची भाषाच आक्रसून टाकते.

म्हणून मत देण्यापूर्वी मजकूर पूर्ण वाचावा. न पटणे हे स्पॅमचे लक्षण मानू नये. लेखक कोण यापेक्षा हेतू काय हे पाहावे. अनेक खाती उघडून एकाच व्यक्तीने अनेक मते देऊ नयेत. मजकूर समजत नसेल, तर समजणाऱ्यास विचारावे. तोवर मत राखून ठेवणे हेही जबाबदार वर्तनच होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
1. 'मत' आणि 'कौल' या शब्दांच्या अर्थच्छटा सोदाहरण स्पष्ट करा.
2. आपल्या परिसरातील बोलीत लिहिलेला मजकूर स्पॅम का ठरू शकतो? तो टाळण्याचे दोन उपाय लिहा.