न दिसणारी पाटी

भेदभाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एखादी पाटी उभी राहते, मज्जाव करणारा माणूस उभा राहतो. परंतु ज्या भेदाला पाटीच नाही, त्याचे काय करावयाचे? कायद्याचे प्राध्यापक गेली काही वर्षे या प्रश्नाशी झुंजत आहेत. महाडकरांना तो समजावून देणे त्यामानाने सोपे आहे, असे आम्हांस वाटते.

पूर्वी बाजारपेठेतील वाणी गिऱ्हाइकाची पत तोंड पाहून ठरवीत असे. उधारी कोणास द्यावी, रोख कोणाकडून मागावी, हाही भेदच. पण तो उघड होता. गिऱ्हाईक भांडे, नाही पटले तर शेजारच्या दुकानाची पायरी चढे. आज पोलादपूरच्या तरुणाने मोबाइलवर कर्ज मागितले, की त्याची पत संगणक ठरवितो. तो कोठे राहतो, काय विकत घेतो, हप्ते वेळेवर भरतो की नाही, अशा नाना नोंदींवरून त्याला गुण पडतात. काही ॲप्स तर फोनमधील नातेवाइकांचे क्रमांकही वाचीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली त्यास मनाई केली. फ्रँक पास्क्वाल या अमेरिकन कायदेपंडिताने २०१५ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेला काळी पेटी म्हटले आहे. आत काय चालते ते दिसत नाही. निकाल तेवढा बाहेर पडतो.

किमतीचेही तेच. वॉल स्ट्रीट जर्नल या पत्राला २०१२ साली आढळले, की जवळपास प्रतिस्पर्ध्याचे दुकान नसेल, तर स्टेपल्स ही अमेरिकन कंपनी आपल्या संकेतस्थळावर तीच वस्तू महाग दाखवी. घाटाखालच्या गावांनी हे उदाहरण जरा निरखून पाहावे! आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला व उबर यांना नोटिसा दिल्या. एकाच प्रवासाला आयफोनवर एक भाडे आणि अँड्रॉइडवर दुसरे, अशी तक्रार होती. दोन्ही कंपन्यांनी ती नाकारली.

आता चवदार तळ्याकडे वळू. २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर त्याच वर्षी डिसेंबरात काही स्पृश्य रहिवाशांनी डॉ. आंबेडकरांवर दावा लावला. तळे आपलेच, तशी अनादि वहिवाट आहे, हे त्यांचे म्हणणे. वहिवाट सांगणाऱ्याने ती शाबीत केली पाहिजे, हा कायद्याचा दंडक. साक्षीपुरावे झाले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वहिवाट शाबीत झाली नाही असा निर्णय दिला. भेद करणाऱ्यास पिंजऱ्यात उभे राहून कारण सांगावे लागले, हे आमच्या मते या खटल्याचे मर्म होय.

पुढे राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी येथे धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान या कारणांवरून मज्जाव करण्यास बंदी घातली. या यादीत जन्मस्थान आहे, राहते ठिकाण नाही. संगणक जात विचारीत नाही. त्याला पिनकोड आणि आडनाव पुरते. मग पुरात बुडालेल्या पेठेच्या पिनकोडावर कोणी विम्याचा हप्ता वाढविला, तर दाद कोणत्या शब्दाखाली मागावी?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला. (‘विदा’ म्हणजे साठविलेली माहिती; शब्द अजून रुळावयाचा आहे.) आपली कोणती माहिती वापरली याचा गोषवारा मागण्याची सोय त्यात आहे, पण मलाच जास्त दर का, या प्रश्नाचे उत्तर मागण्याची स्पष्ट तरतूद नाही. युरोपात २०१८ पासून, निव्वळ यंत्राने केलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयावर, माणसाकडून फेरविचार मागता येतो. आम्हांस ही उणीव मोठी वाटते. महाडच्या वादींना जे शाबीत करावे लागले, त्याची विचारपूसही येथे होत नाही.

तोवर ग्राहकाला एकच पुरावा जमविता येतो. एकच वस्तू, एकाच वेळी, दोन फोनांवर पाहावी. दरांची चित्रे वेळेसह जपावीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला बसतो.