लसूणघासाच्या बियांतील ओलावा

लसूणघास हे हिरव्या चाऱ्याचे महत्त्वाचे पीक. त्याचे बी उन्हाळ्यात हाती येते आणि पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. म्हणजे मधला सारा पावसाळा बियाण्याला कोठीत काढावा लागतो. बी हवेतील बाष्प शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की ते परत देते. या देवघेवीत बियांचे वजनच नव्हे, तर इतर अनेक गुणधर्मही बदलतात.

प्रथम ओलाव्याचे गणित पाहू. १०० किलो बियाण्यात १८ टक्के ओलावा आहे. तो १० टक्क्यांवर आणायचा आहे. किती पाणी काढावे लागेल? विद्यार्थी चटकन ‘८ किलो’ म्हणतील. पण वाळताना एकूण वजनही घटते. कायम राहतो तो ८२ किलोंचा शुष्क भाग. वाळलेल्या बियाण्यात तो ९० टक्के असणार. म्हणून त्याचे वजन ८२ ÷ ०.९ = ९१.१ किलो, आणि काढलेले पाणी ८.९ किलो.

आता भौतिक गुणधर्म. लसूणघासाच्या हजार बियांचे वजन जेमतेम २ ग्रॅमच्या आसपास असते. पाणी शोषल्यावर बी जड होते, तसेच फुगतेही. फुगलेले बी अधिक जागा अडवते. त्यामुळे त्याच मापात बहुधा कमी वजनाचे बी मावते. बियांचे आपापसांतील घर्षण वाढते व ती सहज घरंगळत नाहीत. पेरणीयंत्राच्या पेटीतून ओलसर बी अडखळत पडते, त्याचे कारण हेच.

हे वर्गात दाखवता येईल. कोरडे बी नरसाळ्यातून कागदावर सोडा. ढिगाची उंची भागिले तळाची त्रिज्या हे उताराच्या कोनाचे टॅन गुणोत्तर होय. मग २०० ग्रॅम बियांवर २० मिलिलिटर पाणी शिंपडून ते घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा, अधूनमधून हलवा आणि पुन्हा मोजा. ढीग अधिक उभट झालेला दिसेल. हे बी मात्र पेरणीसाठी राखून ठेवू नये.

उष्णतेच्या बाबतीतही असाच फरक पडतो. पाण्याचा विशिष्ट उष्मा १, तर बियांतील शुष्क द्रव्याचा त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून ओले बी तापवायला अधिक उष्णता लागते. शिवाय १ ग्रॅम पाणी १० अंशांनी तापवण्यास १० कॅलरी पुरतात, पण त्याची वाफ करण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात. वाळवण्याचा खरा खर्च येथे आहे. म्हणून घाई करून कडक उष्णता द्यावी काय? नाही. ओल्या बियातील अंकुर उष्णतेने लवकर मरतो. सुरुवातीला सौम्य उष्णता व खेळती हवाच हवी.

ओले बी तसेच साठवले तर धोका वाढतो. त्याचे श्वसन जोरात चालते. त्यातून उष्णता आणि आणखी पाणी तयार होते. ओलाव्याने ढिगाची उष्मावाहकता थोडी वाढते खरी, पण बियांमधल्या हवेमुळे ढीग एकंदरीत मंदवाहकच राहतो. उष्णता आत कोंडते, बुरशी माजते आणि उगवणशक्ती जाते.

बियाणेशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम असा: ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान ओलावा १ टक्क्याने घटवला की बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते. १२ टक्क्यांवरून १० वर आणल्यास ते चौपट झाले! पावसाळ्यापूर्वी नीट वाळवून हवाबंद डब्यात ठेवलेले बी ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्याला दगा देत नाही, ते यामुळेच.