पडद्यावरची तुळई

एका टोकाला जखडलेल्या तुळईच्या दुसऱ्या टोकाला वजन टांगले की ती वाकते. लांबी दुप्पट केली तर वाक आठपट होतो. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग जर्नलबरहुकूम होतो. कोणती वजने, किती रीडिंग, सारे आधीच ठरलेले. विद्यार्थ्याने आखायचे असे काही उरतच नाही.

केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पात (आयआयटींसोबत पुण्याचे सीओईपीही त्यात आहे) असे प्रयोग संगणकावर करता येतात. लांबी, जाडी, वजन यांची प्रत्येकी दोन मूल्ये घेतली तर आठ जोडण्या होतात. खऱ्या तुळईवर दर वेळी शिकंजा सैल करून पुन्हा आवळावा लागतो, प्रॅक्टिकलचा वेळ त्यातच सरतो. पडद्यावर आठही जोडण्या काही मिनिटांत उरकतात, आणि वजनाचा परिणाम लांबीनुसार बदलतो हे उमगते. एकेक घटक सुटा बदलून ते कळत नाही.

पण निव्वळ सूत्रावर चालणारी तुळई दहा वेळा विचारले तरी तेच उत्तर देते. मग रीडिंग पुन्हा का घ्यायचे? रोनाल्ड फिशर यांनी १९३५च्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’मध्ये पुनरावृत्ती आणि यादृच्छिक क्रम यांवर भर दिला, तो खरे जग असे शिस्तीत वागत नाही म्हणूनच. शिकंजा हळूहळू सरकत असेल आणि वजने चढत्या क्रमाने टांगली, तर सरकण्याचा दोष वजनाच्या खात्यावर जमा होतो.

म्हणून माझ्या मते पडद्यावरचा शिकंजाही गुपचूप सरकायला हवा. रीडिंगही बाराच मिळावीत, तीही आराखडा लिहून दिल्यावर. वजनांचा क्रम चिठ्ठ्या टाकून कोणी ठरवला, ते आलेखातच दिसेल.