पिशवीवरचा टक्का आणि छातीचं मांस

सुरतच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. तिथे चिकनच्या दुकानासमोर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘सहा आठवड्यांत दोन किलोची कोंबडी? इंजेक्शनच देत असणार!’ हा समज चुकीचा आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांची पिल्लं एकाच खाद्यावर वाढवली. ५६व्या दिवशी त्यांची सरासरी वजनं भरली ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच होतं, म्हणजे हा फरक पैदाशीचा.

मात्र वाणात असलेली ताकद अंगावर दिसायची तर खाद्य तोलामोलाचं हवं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ सालच्या कोष्टकात पहिले तीन आठवडे २३ टक्के प्रथिनं, पुढचे तीन आठवडे २० आणि त्यानंतर १८ टक्के सांगितली आहेत. गडबड होते ती या टक्क्यालाच सर्वस्व मानल्याने. कोंबडीला खरी गरज असते ती प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची. सुरतच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर एका रंगाचा धागा संपला, की बाकीची रिळं भरलेली असूनही नक्षी तिथेच अडते. एक अमिनो आम्ल कमी पडलं, की स्नायूंची घडणही तशीच अडते. मका आणि सोयापेंडीच्या खाद्यात सर्वांत आधी मेथिओनिन कमी पडतं, मग लायसिन, त्यामागोमाग थ्रिओनिन.

या थ्रिओनिनचा शोध मला फार आवडतो. इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ यांनी उंदरांना तेव्हा माहीत असलेली सगळी अमिनो आम्लं मिसळून खाऊ घातली, तरी उंदीर वाढेनात. दुधातल्या केसिनमध्ये आणखी काहीतरी आहे, या तर्काचा त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९३५मध्ये थ्रिओनिन हाती लागलं. आजच्या स्वस्त चिकनमागे रोझ यांचे हे उंदीर आहेत, पण रोझ यांचं नाव कुणी घेत नाही.

लायसिनची गोष्ट तर थेट खिशाशी जोडलेली. वजन वाढायला जेवढं लायसिन पुरतं, त्याहून जास्त छातीचं मांस भरायला लागतं. ते थोडं कमी पडलं, तर वजनकाट्यावर पक्षी ठीक दिसतो, पण कापल्यावर छातीचं मांस कमी निघतं आणि पोटातली चरबी जास्त.

म्हणून प्रथिनं वाढवत नेली तर? जादा अमिनो आम्लं शरीर मोडून टाकतं. त्यातला नायट्रोजन युरिक आम्ल होऊन बाहेर पडतो, आणि त्याच्या प्रत्येक रेणूमागे ग्लायसिनचा एक रेणू खर्ची पडतो. पक्षी पाणी जास्त पितो, खालचं भुशाचं अंथरूण (लिटर) ओलं होतं, शेडमध्ये अमोनिया साचतो. शिवाय ही मोडतोड अंगात उष्णता निर्माण करते. कोंबडीला घाम येत नाही, उकाड्यात ती मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवते. सुरतच्या दमट उन्हाळ्यात तो उपायही तोकडा पडतो.

२०२१मध्ये सोयापेंड इतकी महागली, की सरकारला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. अशा वेळी प्रथिनं थोडी कमी करून मेथिओनिन, लायसिन आणि थ्रिओनिन वेगळं घालणं हाच शहाणपणाचा मार्ग. तेव्हा शेडवाल्यांनो, खाद्य घेताना टक्का विचाराच, पण पचणारं लायसिन आणि मेथिओनिन किती आहे, हेही विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.