वस्तूची प्रत : नामांतर, उथळ प्रत व खोल प्रत

पायथन ही संगणकभाषा १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तीत ‘ब = अ’ असे लिहिले असता ‘अ’ची प्रत तयार होते, असा नवशिक्या अभ्यासकाचा समज होतो. वस्तुतः येथे प्रत निघतच नाही. एकाच वस्तूस दुसरे नाम मिळते. म्हणून ‘ब’ या नामाने त्या वस्तूत केलेला बदल ‘अ’ या नामानेही दिसतो.

खऱ्या प्रतीचे प्रकार दोन. उथळ प्रतीत बाह्य वस्तू नवी बनते. आतील घटक मात्र मूळचेच राहतात. एखाद्या बोलीच्या शब्दसूचीत प्रत्येक शब्दापुढे त्याच्या उच्चारभेदांची यादी आहे, असे समजू. सूचीच्या उथळ प्रतीत नवा शब्द घातल्यास मूळ सूची अबाधित राहते. परंतु एखाद्या यादीतील उच्चार खोडल्यास तो मूळ सूचीतूनही नाहीसा होतो, आणि यंत्र कोणतीही सूचना देत नाही. परिश्रमाने जमविलेली सामग्री अशी नकळत बिघडते.

खोल प्रत आतील याद्याही नव्याने उभारते. एखादी यादी स्वतःलाच सामावून घेत असेल, तर ही क्रिया कधीच संपणार नाही. म्हणून प्रत झालेल्या वस्तूंची नोंद ठेवली जाते व त्या पुन्हा आढळल्यास तयार प्रतच योजिली जाते. यास वेळ व स्मृती अधिक लागते.

तात्पर्य, आतील घटक अपरिवर्तनीय असल्यास उथळ प्रत पुरेशी होय; ते परिवर्तनीय असून मूळ जपावयाचे असल्यास खोल प्रतच घेणे इष्ट.