परदेशी संगणक शिक्षण आणि आपला सातबारा



ऊसनोंदीच्या निमित्ताने आम्ही गटागटांत हिंडतो, तेव्हा हल्ली हुमणी आणि को ८६०३२ यांच्या जोडीला तिसराच एक विषय बांधावर निघतो. मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर होत आली आहे, पुढच्या शिक्षणाला जर्मनीला जायचं म्हणते. तर साहेब, खर्च किती, आणि जमीन तारण ठेवता येते का? आम्ही पडलो शेतकी पदविकेवाले, संगणकातलं आम्हांला काय कळणार! पण प्रश्न पैशाचा आणि सातबाऱ्याचा आहे, म्हणून नियम वाचून काढले, ते येथे मांडत आहोत.

जर्मनीचंच नाव का निघतं, ते उघड आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नाही, सहामाहीला थोडीफार वर्गणी भरावी लागते. पण 'जर्मनीत सगळं फुकट' हे पारावरचं बोलणं अर्धंच खरं. बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी सहामाहीला ४,००० ते ६,००० युरो फी लावली आहे. खासगी विद्यापीठांचं गणित आणखी निराळं. एजंट नेमकी त्यांचीच नावं पुढे करीत असेल, तर कमिशन कुठून मिळतं ते त्याला तोंडावर विचारावं.

फी नसली तरी वर्षभराच्या राहण्याखाण्याचा पैसा आधी दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हा आकडा ११,९०४ युरो झाला. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर बारा लाखांच्या घरात जातो. ही रक्कम 'ब्लॉक खात्यात' एकदम भरायची आणि तिकडे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळायचे. पैसा बुडत नाही, पण व्हिसाच्या वेळी तो भरलेला हवा. आपल्या लोकांची गाडी अडते ती इथे. तिकडचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणजे व्हिसाची धावपळ जून ते ऑगस्टची. तोवर गाळप केव्हाच आटोपलेलं, आणि बिल खतात, सोसायटीत नि लग्नकार्यात जिरलेलं. मग सावकाराचा उंबरा! ज्यांच्या घरचं पोर त्या वर्षी जाणार आहे, त्यांनी बिल हाती येताच जमेल तेवढं मुदत ठेवीत टाकावं. अर्थात सगळं त्यात भागणार नाही. तीन एकर ऊस, एकरी चाळीस टन आणि टनाला तीन हजार धरले, तरी तीन लाख साठ हजार होतात, तेही खर्च वजा न करता.

म्हणजे कर्ज आलंच. आणि कर्ज म्हटलं की आपण सातबारा काढून निघतो. पण २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्या कायद्याखालच्या जप्तीतून वगळली आहे. तरतूद शेतकऱ्याच्या हिताचीच आहे. मात्र तिच्यामुळे मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत, मग ती दहा एकर बागायत का असेना. त्यांना घर, बिगरशेती प्लॉट किंवा मुदत ठेव लागते. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा पुष्कळदा चालत नाही, मिळकत पत्रिका मागतात. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन या पत्रिका निघत आहेत. आपल्या गावची निघाली असेल तर वारसनोंद आताच पाहून घ्यावी. भावाभावांची वाटणी तोंडी असली तर ती कागदावर यायला किती दिवस लागतात, हे आम्ही सांगायला नको. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची हमी योजना आहे, तेवढ्याला तारण द्यावं लागत नाही. उरलेल्या रकमेसाठी जमीन विकावी का, असंही काहीजण विचारतात. आमचं मत स्पष्ट आहे: विकू नये. शिक्षण झाल्यावर तिकडे नोकरी शोधायला अठरा महिने राहता येतं, पण नोकरी मिळेलच असं कुणी लिहून देत नाही. आणि त्या जमिनीवर घरातल्या बाकीच्यांचंही पोट आहे.

अर्जाचं काम आडसालीसारखं आहे, दीड वर्ष आधी लागण करावी लागते. इंग्रजीची परीक्षा आणि एपीएसचा दाखला आधी हवा. जर्मन वकिलातीचं हे एपीएस कार्यालय दिल्लीला आहे, ते गुणपत्रिका खऱ्या की खोट्या हे तपासतं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना हा दाखला सक्तीचा झाला, त्याची फी १८,००० रुपये. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर भलताच क्रम, किंवा वडिलांचं नावच नाही. पासपोर्ट काढतानाच दहावीच्या दाखल्याशी अक्षर न अक्षर ताडून पाहावं. काही विद्यापीठांचे अर्ज मार्चातच बंद होतात, काहींचे १५ जुलैपर्यंत चालतात. काही थेट घेतात, तर काही 'युनि-असिस्ट' संस्थेमार्फत. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्या सत्राच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात.

विद्यापीठ पदवीच्या नावावर जात नाही, आत गणित आणि संगणकशास्त्राचे विषय किती तासांचे होते ते मोजतं. मेकॅनिकलच्या मुलाने सहा महिन्यांचा कोर्स करून संगणकाच्या पदव्युत्तरला केलेला अर्ज बहुधा परत येतो. नुसत्या बारावीवर तर सहसा थेट प्रवेशच नाही, आणि पदवीचं शिक्षण बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेत असतं. भाषेसाठी पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे.

शेवटी बँकेतली एक गोष्ट. सहकर्जदार म्हणून वडिलांचं सिबिल पाहतात, त्यात थकलेलं पीककर्ज दिसलं तर फाईल तिथेच थांबते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर विवरण नसतं, म्हणून तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि मागील तीन हंगामांच्या ऊसबिलांचा उतारा सोबत न्यावा. हा उतारा हवा असेल त्यांनी सभासद क्रमांक, गट नंबर आणि हंगाम लिहून शेती विभागात अर्ज द्यावा. ऊस मुलाच्या किंवा पत्नीच्या नावे नोंदला असेल, तर त्यांचाही क्रमांक लिहावा.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग